नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाला यंदा नर्सरीत घालावं की पुढच्या वर्षी?

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाचा जन्म २० नोव्हेंबर २०२३ चा, म्हणजे या जूनमध्ये तो दोन वर्षं सात महिन्यांचा होईल. तालुक्याच्या गावातली इंग्रजी माध्यमाची शाळा म्हणते, "३१ डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण होतात, नियमात बसतो, नर्सरीत टाकून द्या." जाऊबाईंचा मुलगा सप्टेंबरचा, त्याचा प्रवेश झालासुद्धा. मिस्टर म्हणतात, थांबलो तर पोराचं एक वर्ष वाया जाईल. सासूबाई म्हणतात, गावात अंगणवाडी आहे, तिथं जाऊ दे. घरात सगळे अहिराणी बोलतात आणि मुलगाही तीच बोलतो. आता कोणाचं ऐकावं, असं ताई विचारतात.

माझं उत्तर आधीच सांगते. यंदा अंगणवाडी, नर्सरी पुढच्या जूनला. पण हे उत्तर तुमच्या घरच्या दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे, त्या मी पुढे सांगते. आणि नुसतं उत्तर घेऊन उपयोग नाही, कारण घरात चार माणसं चार बाजूंनी बोलणार आहेत, त्यांना सांगायला कारणं हवीत. मी आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते, आता चोपड्याला बालवाडी चालवते आणि अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणांना जाते. तीन वर्षांचं मूल दारात रडताना आणि तेच मूल पहिलीच्या बाकावर बसलेलं, अशी दोन्ही टोकं पाहिल्यामुळे माझं एक मत पक्कं झालंय. नर्सरीचं वय ठरवायचं असेल तर हिशेब पहिलीपासून मागे करत यायचा.

तसा हिशेब करून बघा. यंदा नर्सरी घेतली तर पहिलीत तो जून २०२९ मध्ये जाईल, पाच वर्षं सात महिन्यांचा असताना. पुढच्या वर्षी घेतली तर जून २०३० मध्ये, सहा वर्षं सात महिन्यांचा असताना. शाळा तुम्हाला फक्त पहिलं पाऊल दाखवतेय. अडीच वर्षांच्या मुलाला नर्सरीत तीन तास रमवता येतं की नाही, यावर चर्चा होते. पण खरा निर्णय तुम्ही आज हा घेताय की पहिलीच्या वर्गात तुमचा मुलगा सगळ्यांत लहान असणार की मोठ्यांपैकी एक.

नियम काय म्हणतो तेही बघून घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार वयाची तीन ते आठ ही पाच वर्षं म्हणजे पायाभूत टप्पा. त्यात तीन वर्षं अंगणवाडी किंवा बालवाटिका आणि दोन वर्षं पहिली-दुसरी. पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण असावीत, असं केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना पुन्हा कळवलं. आपल्या राज्यात वय मोजण्याची तारीख २०२० च्या शासन निर्णयानं ३१ डिसेंबर अशी ठरली. शाळा सुरू होते जूनच्या मध्यात आणि वय मोजलं जातं डिसेंबरअखेर. त्यामुळे जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं कागदावर सहा वर्षांची आणि बाकावर साडेपाच वर्षांची असतात. शाळा तुम्हाला खोटं सांगत नाही, मुलगा नियमात बसतोच. फक्त ही सवलत आहे, सक्ती नाही, हे शाळेच्या ऑफिसात कोणी आपण होऊन सांगत नाही.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चलाच सहा पूर्ण लागतात. भुसावळ-वरणगावकडे रेल्वेत किंवा आयुध निर्माणीत नोकरी असलेल्यांना हे ठाऊक असतं. घरात कोणाची सरकारी बदली होण्यासारखी असेल तर लक्षात ठेवा. मार्च २०२९ मध्ये तुमचा मुलगा त्या नियमात बसणार नाही, मार्च २०३० मध्ये बसेल.

आता पहिलीत काय होतं ते. माझ्या वर्गातली एक डिसेंबरची मुलगी सांगते. फळ्यावरचा शब्द उतरवताना तिचं निम्मं लिहून व्हायच्या आत बाकीची मुलं पुढच्या ओळीवर गेलेली असायची. पेन्सिल मुठीत, मान वाकडी, जीभ ओठाबाहेर आणि हाताचा दाब इतका की पान मागून उमटायचं. डोकं उत्तम होतं. गोष्ट एकदा ऐकली की माणसं, गाव, बैलाचं नाव यांसकट परत सांगायची. पण वर्गात गोष्ट सांगायला किती वेळ मिळतो? दिवसातला बराचसा वेळ उतरवून काढण्यात जातो. दिवाळीपर्यंत तिनं वही उघडायच्या आधीच "मला नाही येत" म्हणायला सुरुवात केली. तिसरीत तिचा हात सुधारला, अक्षर छान झालं, तरी ते "मला नाही येत" मात्र पुढच्या वर्गांतही सुटलं नाही.

त्या मुलीत काही कमी नव्हतं. तिच्या शेजारी बसणारी मुलगी जानेवारीची, म्हणजे तिच्याहून अकरा महिन्यांनी मोठी. पस्तिशीत अकरा महिने कळतही नाहीत, पण साडेपाचव्या वर्षी ते आयुष्याचा सहावा हिस्सा असतात. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना "चंचल", "कच्चा", "लक्ष नाही" हे शिक्के जास्त बसतात, हे अनेक देशांत दिसून आलंय. काही देशांत तर अशा मुलांवर अवधान-दोषाचं (एडीएचडीचं) निदानही मोठ्या मुलांपेक्षा जास्त वेळा झाल्याचं आढळलं. उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगते. गुणांमधला हा फरक वरच्या वर्गांत कमी कमी होत जातो. उशिरा घातलेलं मूल दहावीत पहिलं येईल, असं मी अजिबात म्हणत नाही. मला काळजी आहे ती पहिल्या तीन-चार वर्षांची, कारण आपल्याला अभ्यास जमतो की नाही हे मूल त्याच वर्षांत स्वतःविषयी ठरवून टाकतं.

मिस्टरांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. आपल्याकडे वर्षाची किंमत मोठी आहे. दहावी-बारावी, मग नीट, जेईई, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, हे सगळं बापाच्या डोळ्यांपुढे आत्तापासून असतं. त्यांना एवढंच सांगा. नीटला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा पूर्ण लागतात आणि वयाची वरची मर्यादा नाही. पहिलीत सहा वर्षं सात महिन्यांचा गेलेला मुलगा साडेअठराव्या वर्षी बारावी होतो. त्याच्यासाठी कुठलंही दार बंद होत नाही. फिनलंडमध्ये मुलं शाळेत जातात तीच सातव्या वर्षी. आणि बारावीनंतर एखादं वर्ष 'रिपीट' करणारी मुलं जळगाव-धुळ्याच्या क्लासमध्ये किती असतात, ते त्यांनी स्वतः पाहिलं असेल. पुढे वर्ष द्यावं लागण्यापेक्षा आत्ता दिलेलं वर्ष फार स्वस्त पडतं.

आता अडीच वर्षांच्या मुलाकडे बघू. या वयात वर्ष-सहा महिन्यांनी काय बदलतं, हे आई सगळ्यांत चांगलं सांगू शकते, फक्त कशाकडे बघायचं ते सांगते. साधारण तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, त्रिकोण नीट जमायला पाच वर्षं होतात. 'अ' मध्ये किती वळणं आणि इंग्रजी 'के' मध्ये किती तिरप्या रेषा आहेत ते मोजा, म्हणजे अडीच वर्षांच्या हातात पाटी देणं किती चुकीचं आहे ते कळेल. हात धडपणे तयार नसतो. मारूनमुटकून गिरवून घेतलं तर पेन्सिल धरायची चुकीची सवय लागते आणि ती मोडायला पहिलीच्या बाईंना वर्ष जातं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शू-शी सांगता येणं. अनोळखी माणसाला समजेल असं तीन शब्दांचं वाक्य बोलता येणं. आई नजरेआड गेल्यावर थोडं रडून मग कुठंतरी रमणं. चड्डी स्वतः खाली-वर करणं, डब्याचं झाकण उघडणं. गंमत वाटेल, पण नर्सरीतलं निम्मं रडणं झाकण न उघडणाऱ्या डब्यामुळे आणि घट्ट बटणाच्या चड्डीमुळे असतं. मूल शाळेतल्या ताईंना सांगू शकत नाही, वेळ निघून जाते, कपडे ओले होतात, मग दुसऱ्या दिवशी दप्तर पाहिलं तरी रडू येतं. आणि झोप. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. सकाळची शाळा असेल आणि व्हॅन साडेसहाला दारात येणार असेल तर त्या मुलाला रात्री किती वाजता झोपवाल? शेतकऱ्याच्या घरात जेवणंच नऊला होतात.

व्हॅनबद्दल स्वतंत्रपणे बोलते, कारण आपल्या भागात हा मोठा मुद्दा आहे आणि प्रवेश घेताना कोणी विचारत नाही. शाळा तीन तासांची आणि जाण्या-येण्यात दीड तास, असं खेड्यातल्या बऱ्याच मुलांचं होतं. व्हॅन पाच गावं फिरते. मोठी मुलं खिडकीशी, लहान कोणाच्या तरी मांडीवर. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली तरी परतताना ऊन चढलेलं असतं आणि खानदेशातलं एप्रिलचं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. शाळा चांगली असली तरी अडीच वर्षांच्या मुलाला मी रोज तालुक्याला पाठवणार नाही. साडेतीनचं मूल हे सहन करतं, निदान त्रास झाला तर घरी येऊन सांगतं.

सासूबाईंचं म्हणणं मला पटतं, मात्र एका अटीवर. अंगणवाडीला आपल्याकडे लोक "खिचडी खायला जातात" म्हणून हलकं समजतात. पण अंगण हाच वर्ग मानून, मुलाच्या घराजवळ, त्याच्या भाषेत शिकवायचं, ही कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर प्रत्यक्ष करून दाखवली होती, तीही सरकारची योजना १९७५ साली सुरू होण्याच्या कितीतरी आधी. आजही तीन ते सहा वयाच्या मुलांचं शिक्षण हे अंगणवाडीचं ठरलेलं काम आहे. शिवाय तिथं वजन-उंची नोंदवतात आणि वर्षातून दोनदा डॉक्टरांचं पथक तपासणीला येतं, जे महागड्या नर्सरीत नसतं.

अट ही की सगळ्या अंगणवाड्या सारख्या नसतात. सगळं सेविकेवर असतं, आणि तिच्यामागे नोंदींची आणि मोबाइलवर माहिती भरण्याची इतकी कामं असतात की मुलांसाठी तास उरेलच असं नाही. म्हणून एक दिवस सकाळी सहज जाऊन अर्धा तास बसा. मुलं गोलात बसून गाणं म्हणतात का? खेळणी कपाटात कुलपात आहेत की मुलांच्या हातात? सेविका मुलाला नावानं हाक मारते का? एखादं रडलं तर काय करते? हे ठीक असेल तर यंदाचं वर्ष तिथंच घाला. घरापासून दोन मिनिटांवर, शेजारपाजारची मुलं, कंटाळला तर आजी घेऊन येईल. तिसरा वाढदिवस होईपर्यंत वाट पाहायचीही गरज नाही, सेविकेशी बोलून आजीबरोबर तासभर बसवायला आत्तापासून सुरुवात करा.

पुढच्या वर्षी नर्सरी बघताना हेच प्रश्न तिथंही विचारा. बोर्ड, गणवेश, भिंतीवरचे कार्टून यांवर जाऊ नका. नर्सरीच्या मुलांच्या वह्या मागून घेऊन बघा. पानंच्या पानं 'ए ए ए' गिरवलेली असतील तर त्या शाळेत साडेतीनचं मूलही सुखी राहणार नाही. माती, पाणी, ठोकळे, गोष्टी आणि धावायला जागा असेल तर वयात दोन महिने इकडेतिकडे झाले तरी चालतं. कधी घालायचं याच्याइतकंच कुठं घालायचं हेही महत्त्वाचं आहे, आणि शाळा साजेशी नसेल तर वयाचा अचूक हिशेबही कामी येत नाही.

भाषेबद्दल ताईंनी शेवटी एका ओळीत विचारलंय, जसं काही ती कमीपणाची गोष्ट आहे. ताई, तुमचा मुलगा अहिराणीत पूर्ण वाक्यं बोलतो, ही त्याची सगळ्यात मोठी तयारी आहे. ज्याची एक भाषा पक्की असते त्याला दुसरी भाषा लवकर येते. मी एका वर्गात पाहिलंय, पोरगं दाराशी उभं राहून सांगतंय, "माले घर जानं शे", आणि बाहेरगावच्या नव्या ताई त्याला म्हणतायत, "नीट बोल." त्याला वाटलं आपण ओरडून बोलायला हवं होतं, म्हणून ते आणखी मोठ्यानं तेच बोललं, आणि मग गप्प झालं. पुढे किती दिवस त्यानं वर्गात तोंड उघडलं नाही. मुलाची भाषा ज्या वर्गात कोणालाच कळत नाही, तिथं त्याचं वय निदान इतकं असावं की समोरच्याची भाषा वेगळी आहे हे त्याला उमगेल. अडीचव्या वर्षी ते उमगत नाही. पावरा, भिल्ल, मावची या आदिवासी घरांतल्या मुलांना तर हे दुप्पट लागू आहे. शहादा-धडगावकडच्या सेविका स्वतः ती भाषा बोलतात तिथं मुलं कशी फुलतात ते मी पाहिलंय. तेव्हा घरात उगाच "वॉटर दे, ॲपल खा" सुरू करू नका. आजीला अहिराणीत गोष्टी सांगू द्या, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी म्हणू द्या. शब्दांचा साठा तिथूनच होतो.

आता माझं उत्तर कधी बदलेल ते.

घरात दिवसभर मुलाजवळ कोणी नसेल तर. कापसाच्या वेचणीला घरातली सगळी बायामाणसं शेतात आणि मूल ओट्यावर मोबाइल घेऊन बसलेलं, असं असेल तर अडीच वर्षांचं असलं तरी त्याला चार मुलांत, मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवणं केव्हाही चांगलं. गावातली अंगणवाडी चालत नसेल आणि जवळच चांगली बालवाडी असेल तर यंदा तिथं घालाच. फक्त त्या वर्षाला पाळणाघर समजा. नर्सरीचं वर्ष धरू नका. बाईंना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की पुढच्या वर्षी तो नर्सरीतच बसणार आहे.

मूल बोलत नसेल, हाकेला बघत नसेल, नजर देत नसेल तर थांबणं हे उत्तर नाही. "त्याचे वडीलपण उशिरा बोलले" म्हणून वर्ष काढू नका. अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला दाखवा, ते पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. अशा मुलाला मुलांची संगत लवकर मिळालेली बरी.

आणि जन्मतारीख. जानेवारी ते जूनमधल्या मुलांचा प्रश्नच येत नाही, तीन पूर्ण झाली की येत्या जूनला पाठवा, आणखी थांबू नका. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्यांना मी बहुतेकदा थांबा म्हणते. मधले जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिथं मूल बघून ठरवावं लागतं. जाऊबाईंचा मुलगा त्यातला. तो धीट असेल, शू सांगत असेल, घरून कोणी सोडायला जाणार असेल तर त्याचं चाललंय ते ठीक असेल, त्यांना परावृत्त करू नका. मात्र थांबायचं तेही एकच वर्ष. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांमधून प्रवेश घ्यायचा असेल तर तिथं वयाची वरची मर्यादाही असते. एक वर्ष थांबून तुमचा मुलगा अडचणीत येऊ नये, पण त्या वर्षीची सूचना वाचूनच अर्ज करा.

यंदाच्या वर्षात घरी काय करायचं, असं विचाराल. वेगळं काही नाही. भाकरीच्या पिठाचा गोळा त्याला द्या, थापू दे. तुरी-मूग मिसळून दोन वाट्यांत निवडायला द्या, जवळ बसून, नाकात-तोंडात जाणार नाहीत हे बघत. तांब्यातून पेल्यात पाणी ओतू दे, सांडलं तर फडकं त्याच्याच हातात द्या. बटण, चप्पल, डबा हे त्याचं त्याला करू द्या, घाईच्या वेळी नाही, दुपारी. याच बोटांनी तो पुढे पेन्सिल धरणार आहे. मोबाइल दिवसाला एक तासाच्या वर नको, आणि जेवताना अजिबात नको.

कोणी सुचवलं की जन्मतारीख थोडी मागे-पुढे करून घेऊ, तर ऐकू नका. आपल्या आजोबांच्या पिढीत गुरुजींनी निम्म्या गावाची तारीख १ जून लिहिली, तेव्हा चाललं. आता जन्मदाखला आणि आधार जुळावे लागतात आणि फरक निघाला की ऐन दहावी-बारावीच्या कागदपत्रांत त्रास होतो.

आणि "जागा जाईल" असं शाळेनं सांगितलं असेल तर घाबरू नका. नर्सरीच्या जागा दरवर्षी नव्यानं भरतात. थोडी रक्कम भरून ठेवली असेल तर प्रवेश पुढच्या वर्षीसाठी धरावा असा लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. अर्जात मुलाची जन्मतारीख आणि "२०२७-२८ साठी नर्सरी" एवढं स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी उंची बघून "आता थेट ज्युनियर केजीत बसवा" असं कोणी म्हणायला नको.